छातीतली जळजळ आणि घरगुती उपाय: या चुका टाळा

छातीत जळजळायला लागलं की माणूस आधी स्वयंपाकघरात जातो. हाताला लागेल ते ग्लासात ढवळतो, पितो, आणि दहा मिनिटांत जरा बरं वाटलं की त्यालाच औषध समजतो. माझी जळजळ बारा वर्षांची जुनी आहे. घरातले, ओळखीतले सगळे याबाबतीत मलाच विचारतात, आणि त्याच त्या चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की आता लिहूनच काढते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पोटात आम्ल असणं हा आजार नाही. ते तिथे असायलाच हवं आणि जठराच्या अस्तराला ते सोसतं. अन्ननलिकेला मात्र सोसत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंची एक कडी असते. घास खाली उतरला की ती आवळते. ती ढिली पडली किंवा भलत्या वेळी उघडली की आम्ल वर चढतं. म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी गेलेलं असतं. तरीही सगळे उपाय शोधतो आपण ते पिण्याचेच. कधी जेवलो, कसे झोपलो, हे कुणी बघत नाही.

आणि हे सगळ्यांच्या आधी: छातीत दडपण, घाम, धाप, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ढेकर आला आणि बरं वाटलं, म्हणजे हृदयाचं काही नाही, असं अजिबात नसतं.

रोजचा सोडा

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती माझ्या घरातच झाली.

माझे मामा अतिशय शिस्तीचे. रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळ लावून घ्यायचे, जेवणात वरून मीठ बंद, पापड-लोणचं बंद. तरी रक्तदाब उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उमटायला लागले. त्याच सुमारास मी त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले होते. रात्री पाणी प्यायला उठले, तर मामा अंधारात पलंगावर बसलेले आणि उशाशी स्टीलचा छोटा डबा. आत एक चमचा, त्याच्या दांड्यावर पांढरी खरपुडी साचलेली.

"मामा, हे काय?"

"अगं, खाण्याचा सोडा. जेवण झालं की अर्धा चमचा. लगेच मोकळं वाटतं."

"किती दिवस घेताय?"

"झाले असतील आठ-नऊ महिने. गोळ्या वाढवण्यापेक्षा हे बरं, नैसर्गिक आहे."

दिवसातून तीनदा, आठ-नऊ महिने. छोट्या चमच्याने अर्धा चमचा सोडा घेतला तर त्यात 600 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. तीनदा घेतलं की 1800. प्रौढ माणसाने दिवसभरात, सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून, 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मामा जेवणातलं मीठ चिमटीने मोजत होते आणि दुसरीकडून जवळजवळ तेवढंच सोडियम चमच्याने पोटात घालत होते. डॉक्टरांनी "आणखी काही औषध घेता का" असं विचारलं होतं. मामांनी "नाही" म्हणून सांगितलं, कारण सोडा त्यांना औषध वाटलाच नव्हता. सोडा बंद झाला, जळजळीवर नीट उपचार सुरू झाले आणि काही आठवड्यांत घोट्यांची सूज उतरली.

सोड्याने बरं वाटतं हे खोटं नाही. तो पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी मिळतो आणि मीठ, पाणी नि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या वायूने पोट फुगतं, ढेकर येतो. पण ढेकर येतो म्हणजे तीच खालची कडी उघडते, जी बंद राहायला हवी. भरल्या पोटावर तर सोडा घेऊच नका. तुडुंब जेवणावर तो घेतल्यावर जठर फाटल्याची उदाहरणं क्वचित का होईना, पण वैद्यकात नोंदलेली आहेत. अगदीच अडलं, तर एखाद्या वेळी अर्धा छोटा चमचा, अर्धा ग्लास पाण्यात पूर्ण विरघळवून, पोट हलकं असताना. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर तेवढंही नको. माझ्या घरात सोडा फक्त केकसाठी असतो.

झोपताना थंड दूध

दूध पिताना गार वाटतं, आम्ल थोडा वेळ निवतं. मग दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. दूध साईचं असेल तर स्निग्धांशामुळे पोट रिकामं व्हायलाही वेळ लागतो. मी दोन वर्षं रात्री दहाला दूध पिऊन झोपत होते आणि एकला घशाशी आंबट पाणी येऊन उठत होते. उठले की पुन्हा दूध. त्या दुसऱ्या ग्लासानेच पहाट खराब व्हायची, हे कळायला मला दोन वर्षं लागली. दिवसा थोडं दूध सोसत असेल तर खुशाल प्या. झोपायच्या तोंडावर नको.

उशांवर उशा

"डोकं उंच ठेवा" असं कुणीतरी सांगतं आणि माणूस तीन उशा रचतो. त्याने फक्त मान वाकते, धड कमरेत दुमडतं, पोट दाबलं जातं आणि आम्ल आणखी वर ढकललं जातं. उंच करायचं असतं ते छातीपासूनचं सगळं अंग.

त्यासाठी पलंगाचे डोक्याकडचे दोन्ही पाय 15 ते 20 सेंटीमीटर उचला. मी आधी नुसत्या विटा ठेवल्या. तिसऱ्या रात्री कूस बदलताना एक पाय विटेवरून सरकला आणि पलंग धाडकन खाली आला. नंतर सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले, वरच्या बाजूला पलंगाचा पाय बसेल एवढा खळगा कोरून. ते आजही तसेच आहेत. पलंग उचलणं जमत नसेल तर कमरेपासून चढत जाणारी, पाचरीच्या आकाराची उशी मिळते. तीही चालते.

पहिले चार-पाच दिवस आपण खाली घसरतोय असं वाटत राहतं. इथेच लोक कंटाळतात. मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं, त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्याच रात्री ठोकळे काढून ठेवले आणि आठवड्याने येऊन म्हणाले, "तुझ्या उपायाने काही फरक पडला नाही." दोन आठवडे तरी द्या हो. महिनोन्‌महिने सुजलेली अन्ननलिका एका रात्रीत कशी बरी होईल?

याच्या जोडीला डाव्या कुशीवर झोपा. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडाच्या खालच्या बाजूला राहतं, उजव्या कुशीवर वर येतं. माझ्या मते घरगुती उपायांत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण यात ढवळून प्यायला काहीच नसल्यामुळे कुणाला तो उपाय वाटत नाही.

बाकीच्या चुका

लिंबूपाणी किंवा व्हिनेगर. "पोटात जाऊन ते अल्कली होतं" हे ऐकून ऐकून कान किटले. सोललेल्या जागेवर आम्ल ओतलं तर ती जागा चुरचुरणारच.

पुदिन्याचा चहा. थंड वाटतो, पण पुदिना तीच कडी सैल करतो. जेवणानंतर च्युइंगम चघळायचं असेल तर जरूर चघळा, लाळ सुटते आणि लाळेने अन्ननलिका धुतली जाते. पण बिनसाखरेचं आणि पुदिन्याशिवायचं.

आल्याचा काढा पेलाभर. थोडं आलं ठीक आहे, जास्त झालं तर त्यानेच जळजळतं.

ज्येष्ठमध महिनोन्‌महिने. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. झाडापासून आलं म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

घशात बोटं घालून उलटी काढणं. आम्ल तेवढ्यापुरतं बाहेर पडतं, पण जाताना अन्ननलिका आणि दातांचं इनॅमल दोन्ही पोळतं. हे कृपा करून थांबवा.

गोळी कोरडी गिळून आडवं होणं. काही वेदनाशामकं आणि डॉक्सीसायक्लिनसारखी प्रतिजैविकं अन्ननलिकेत अडकली तर तिथेच जखम करतात. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास बसून राहा.

कमरेचा पट्टा आवळून जेवायला बसणं, जेवण झाल्याझाल्या वाकून फरशी पुसणं. यात समजावण्यासारखं काही नाही.

घरगुती उपाय सुरू केला म्हणून डॉक्टरांनी दिलेली आम्ल कमी करणारी गोळी परस्पर बंद करणं. ओमेप्राझोलसारखी गोळी बरेच महिने घेऊन एकदम सोडली तर काही दिवस आम्ल उसळतं, आणि माणूस घाबरून पुन्हा सोड्याकडे वळतो. कशी सोडायची हे डॉक्टरांनाच विचारा. घास अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, शौच काळी होत असेल, उलटीत रक्त दिसलं असेल, तर मी किंवा माझ्यासारख्या कुणाचंही ऐकत बसू नका, तपासून घ्या. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा जळजळ होत असेल तरीसुद्धा.

एकदम सगळं बंद करणं

नवशिके जोशात टोमॅटो, कॉफी, चॉकलेट, कांदा, तिखट सगळं एका दिवसात सोडतात. दहा दिवस कसेबसे काढतात आणि मग सगळंच परत सुरू करतात. त्रास नेमका कशाने होत होता ते शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. मी एक वही केली. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, किती वाजता आडवी झाले आणि रात्र कशी गेली, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांनी पानं उलटून पाहिली, तर टोमॅटोचा आणि वाईट रात्रींचा काही संबंधच दिसेना. वाईट रात्री सगळ्या त्या होत्या, ज्या दिवशी साडेनऊनंतर जेवले आणि साडेदहाला आडवी झाले. आता जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवते. आठला जेवते, टोमॅटो घालून.