जुनी जावा-येझदी घेण्यापूर्वीची आणि घेतल्यानंतरची तयारी

म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जावा मोटारसायकल तयार होऊ लागली, 1973 पासून तिचे नाव येझदी झाले आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. त्यामुळे आज एखाद्या वाड्याच्या पडवीत, गोठ्याशेजारी किंवा सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात उभी असलेली यातली सर्वांत तरुण गाडीसुद्धा तीन दशकांची असते. अशी गाडी घेऊन पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांसाठी ही यादी आहे. तिचा क्रम मी मुद्दाम ठरवला आहे: आधी कागद, मग इंजिन, मग टाकी, वायरिंग आणि चाके, आणि रंग सर्वांत शेवटी. हा क्रम मी एकदा उलटा केला होता आणि त्यात माझे पाच महिने गेले. तो प्रसंग रंगाच्या जागी सांगतो.

गाडी पाहायला जाण्याआधी मालकाकडून आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो मागवून घ्यावेत. जुने पुस्तक असेल, तर शेवटची मालकी कोणाच्या नावावर नोंदली आहे आणि नोंदणीची मुदत कधी संपली, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे फॉर्म 25 भरून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. विकणारा स्वतः मालक असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर त्याच्या सह्या घ्याव्यात. मालक वारले असतील, आणि या गाड्यांच्या बाबतीत ते फार वेळा घडते, तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म 31 ने गाडी चढली पाहिजे. बाकीच्या वारसांची संमती नसताना एकाच भावाच्या शब्दावर पैसे देऊ नयेत. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म 28 ची एनओसी हातात आल्याशिवाय ती टेम्पोत चढवू नये. 1989 पूर्वीच्या, ‘एमएच’ मालिका सुरू होण्याआधीच्या तीन अक्षरी नंबराची गाडी असेल, तर तिची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन प्रणालीवर दिसते का, हे घरबसल्या तपासता येते. दिसत नसेल तर मूळ आरटीओमधून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते आणि त्यासाठी तिथे प्रत्यक्ष हेलपाटे घालावे लागतात. पुस्तकच हरवलेले असेल आणि मालकाचाही पत्ता नसेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सुट्या भागांच्या भावाने घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मोठे बदल न केलेल्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे, ती दहा वर्षे चालते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र ती गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला गाडीवरून कामाला जायचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष पाहायला जाताना सोबत टॉर्च, जाड सुती कापड, थोडे रॉकेल, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल न्यावी. हँडलखाली फ्रेमच्या मानेवरची आणि क्रँककेसवरची (इंजिनाच्या खालच्या पेटीवरची) मळी रॉकेलने पुसून दोन्ही क्रमांक उघडे करावेत, त्यांवर कागद धरून पेन्सिल घासावी आणि उमटलेला ठसा तिथेच पुस्तकाशी ताडून पाहावा. अक्षरांची ओळ वाकडी असेल, एखादा आकडा इतरांपेक्षा खोल असेल किंवा भोवतीचा पत्रा घासलेला दिसत असेल, तर गाडीचा विचार सोडून द्यावा. हे करताना मालकाला वाईट वाटेल म्हणून संकोच करू नये.

इंजिन फिरते का, हे किक मारून पाहू नये. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा गंजाने भिंतीला चिकटतात आणि जोराची किक बसली की रिंग तुटते. प्लग काढून भोकातून गंज सोडवणारे तेल सोडावे, चार-पाच दिवस थांबावे, मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने थोडे पुढे-मागे झुलवावे. या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो, आत दाबून वर फिरवला की किक होते; तो घसरतो का आणि मूळ जागी परत येतो का, हेही बघून घ्यावे. 250 सीसीच्या गाडीला दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच आहे, त्यामुळे हेडच्या दोन्ही बाजूंना भेगा शोधत बसण्यापेक्षा एका सिलिंडरच्या पंखांपैकी किती तुटले आहेत, ते मोजावे. टाकीवरचे गुडघ्याचे रबर, बॅज, हेडलाइटमध्ये बसवलेला स्पीडोमीटर आणि मागच्या चेनचे पूर्ण झाकण जागेवर असेल, तर ती गाडी चार पैसे जास्त देऊन घ्यावी, कारण हे सगळे नंतर गोळा करताना माणूस मेटाकुटीला येतो. 2018 मध्ये बाजारात परत आलेली जावा फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी आहे. तिचे इंजिनाचे भाग या गाडीला बसत नाहीत.

गाडी घरी आली की खोलण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, विशेषतः केबलींच्या वाटांचे आणि हेडलाइटच्या आतल्या वायरींचे. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून आत चिठ्ठी टाकावी. पिशवीवर पेनाने लिहिलेले तेलाच्या हाताने पुसले जाते. सायलेन्सरच्या गोल नटांसाठी आकडी पाना आणि क्लचसाठी पुलर आधीच मिळवून ठेवावा. छिन्नी-हातोडीने काढलेल्या नटांच्या खुणा जवळपास प्रत्येक जुन्या जावावर सापडतात आणि त्या पाहून मला अजूनही वाईट वाटते. काढलेला कोणताही मूळ भाग, अगदी गंजलेला मडगार्डचा तुकडासुद्धा, नवा बसून गाडी चालेपर्यंत भंगारात देऊ नये. बाजारातला नवा पत्रा मापाला बसला नाही, तर वळणाचा नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

इंजिनात सर्वांत आधी क्रँकच्या ऑइल सीलांकडे, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवती तेल-हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांकडे, लक्ष द्यावे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरमध्ये जाते, म्हणून ती पेटी हवाबंद राहणे हा सगळ्या कामाचा पाया आहे. डाव्या, क्लचच्या बाजूचे सील गेले असेल तर इंजिन गिअरचे तेल ओढते आणि दाट पांढरट धूर काढते. उजव्या, डायनॅमोच्या बाजूचे गेले असेल तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून पकडतो. ही दुसरी खोड अधिक धोक्याची, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. माणूस कार्बोरेटर खोलून खोलून थकतो आणि दोष सीलात असतो. क्रँककेस उघडलीच आहे तर मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे बिग एंड आणि दोन्ही सील एकदमच बदलावीत. क्रँक जुळवण्याचे काम ज्याच्याकडे डायल गेज (सूक्ष्म वाकडेपणा मोजणारे घड्याळ) आहे आणि जो तो तुमच्यासमोर लावून दाखवतो, अशाच कारागिराकडे द्यावे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तर जावाचे काम केलेले जुने मेस्त्री अजून सापडतात. 250 सीसीच्या गाडीत बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) मूळ माप 65 मिलिमीटर आहे. पिस्टन आधी हातात घ्यावा आणि मगच त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावी. सायलेन्सरमधला कार्बन काढायला विसरू नये, नाहीतर नवे इंजिनही चढाला दम टाकते.

टाकी आतून गंजलेली असणारच. कॉक (पेट्रोलची तोटी) काढून आत मूठभर नट आणि थोडे डिझेल घालून ती हलवावी, मग धुऊन पूर्ण वाळवावी. हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणी धरते आणि जुने रबर फुगवते, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरची रबरे इथेनॉल सोसणारीच घ्यावीत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

जुन्या जावाचे वायरिंग 6 व्होल्टचे आहे. ते 12 व्होल्टचे करण्याचा सल्ला सगळे देतात, पण माझे मत वेगळे आहे: अर्थिंगच्या जागा घासून चकचकीत केल्या, जाड तांब्याची वायर वापरली आणि बॅटरी चांगली ठेवली, तर 6 व्होल्टवर गाडी नीट चालते. चाकांबद्दल इतकेच की टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे असतात. दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावा. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता रंग. माझ्या पहिल्या गाडीची फ्रेम मी इंजिनाआधीच पावडर कोटिंगला दिली. ती काळीभोर, गुळगुळीत होऊन आली आणि मी खूश झालो. नावावर करण्याच्या वेळी चेसिसचा ठसा मागितला गेला, तेव्हा मानेवर पेन्सिल कितीही घासली तरी कागद कोराच राहिला. आधी रेतीच्या माऱ्याने आकड्यांच्या कडा झिजल्या होत्या आणि वरून जाड थराने ते बुजले होते. तो थर मी सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कापसाने आठवडाभर थोडा थोडा उतरवला. एक आकडा तरीही अर्धवटच उमटला आणि त्याच्या खुलाशापायी पाच महिने गेले. म्हणून फ्रेम देताना क्रमांकाच्या जागी उष्णता सोसणारी पट्टी स्वतःच्या हाताने चिकटवावी, रेती मारू नका असे लिहून द्यावे आणि त्याआधीचा ठसा घरी जपून ठेवावा. टाकीच्या क्रोमसाठी आधी तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोम असे तिन्ही थर देणाऱ्याकडेच जावे. नुसता वरचा थर एका पावसाळ्यात फुटतो.

गाडी सुरू झाल्यावर पहिले 500 किलोमीटर एका लिटरला 40 मिलिलिटर टू-टी तेल घालून, जास्त वेग न देता आणि मध्ये मध्ये थांबत चालवावी. तेल टाकीत वेगळे ओतू नये, बाटलीत पेट्रोलमध्ये हलवून मगच घालावे. पहिल्या लांबच्या फेरीनंतर प्लग काढून पाहावा: टोक भाजलेल्या विटेसारखे तपकिरी दिसले तर पुढे जावे, पांढरे दिसले तर घरी परतून आधी उजवीकडचे सील तपासावे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळावेत.