फ्रेमवर्क लॅपटॉपची फुटलेली स्क्रीन घरीच बदलली

म्युनिकमध्ये आमच्या घरी २०२१ चा फ्रेमवर्क लॅपटॉप आहे. फ्रेमवर्क ही भाग स्वतः बदलता येतील असे लॅपटॉप बनवणारी कंपनी. मुलीच्या हातून बॅग पडली आणि स्क्रीनला कोपऱ्यापासून तडा गेला. आधीच्या लॅपटॉपचं असंच झालं होतं, तेव्हा दुकानदाराने "अख्खं झाकण बदलावं लागेल" म्हणून सांगितलं होतं. त्यानंतरच मी ठरवलं होतं, पुढचा लॅपटॉप स्वतः उघडता येईल असाच घ्यायचा.

स्क्रीन कंपनीच्याच साइटवरून मागवली. जुन्यासारखीच न घेता २०२४ मध्ये आलेली २८८० × १९२० पिक्सेलची घेतली. जुन्या सांगाड्यात ती बरोबर बसते.

लॅपटॉपसोबत मिळालेला स्क्रूड्रायव्हर पुरला. खालचे पाच स्क्रू सैल केले. ते पूर्ण निघत नाहीत, त्यामुळे हरवायची भीती नाही. कीबोर्डचं कव्हर अलगद उचला, टचपॅडची केबल त्याला जोडलेली असते. मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, हे विसरू नका. स्क्रीनभोवतीची चौकट फक्त चुंबकावर असते, नखाने सुटते. आत प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड छापलेला आहे. खरंच, सगळ्याच कंपन्यांनी एवढं तरी करायला हवं!

पुढे मदरबोर्ड बदलायचा विचार आहे. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा घेतला तर रॅमही नवी लागेल, कारण जुनी डीडीआर४ प्रकारची आहे आणि त्या बोर्डाला पुढच्या पिढीची डीडीआर५ लागते. जुना बोर्ड वेगळ्या केसमध्ये घालून मुलीला डेस्कटॉप करून देणार.