नळाला धार नाही? पंप सगळ्यात शेवटी

शॉवरला धार नसली की बहुतेक जण थेट पंपाच्या दुकानात जातात. पंप बसतो, काही दिवस मजेत जातात आणि मग भिंतीतला जुन्या जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा, सांधा पाझरायला लागतो. पाणी नेमकं कुठे अडतंय ते न शोधता त्याच्यामागे जोर लावला की हे व्हायचंच. आधी टाकीपासून नळापर्यंतची वाट तपासा. बऱ्याचदा पंपाची गरजच उरत नाही.

गोव्यातल्या घरांत दोन गोष्टी मुळातच आपल्या विरोधात असतात. एक म्हणजे उंची. कौलारू छपरावर टाकी ठेवता येत नाही, ती जाते न्हाणीघराच्या किंवा पोर्चच्या स्लॅबवर. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरला). टाकीचा आउटलेट जमिनीपासून ३ मीटरवर आणि शॉवर २ मीटरवर असेल तर शॉवरच्या वाट्याला उंची येते १ मीटर, म्हणजे प्रेशर ०.१ किलो. टाकी काठोकाठ भरलेली असली तरी ०.२ किलोच्या आसपासच. शोरूममध्ये दिसणाऱ्या बऱ्याच डायव्हर्टरना (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते ठरवणारे भिंतीतले वॉल्व्ह) आणि रेन शॉवरना १ किलोच्या आसपास प्रेशर लागतं. ते या टाकीवर चालणार नाहीत, मग ते कितीही महागडे असोत.

दुसरी गोष्ट पाण्याची. जांभ्या खडकातल्या विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, त्यात लोह विरघळलेलं असतं. हवेशी गाठ पडली की ते तांबूस होऊन तळाशी बसतं. शॉवर व्हिनेगरमध्ये बुडवा हा इंटरनेटवरचा सल्ला चुन्याच्या थरासाठी असतो. आपल्याकडे छिद्रं बुजवतो तो गंज आणि गाळ.

मेनचं पाणी की टाकीचं?

मीटरजवळ अंगणात जो नळ थेट मेनवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सरकारी लाइनवर आहे, त्याखाली १० लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. नंतर स्वयंपाकघरातल्या टाकीवरच्या नळाला तेच करा. साधारण मिनिटभरात बादली भरली तर नळ ठीक. दोन मिनिटांहून जास्त लागली तर कुठेतरी अडलंय.

मेनचाच नळ मंद असेल तर शेजाऱ्यांकडे विचारा. त्यांच्याकडेही तसंच असेल तर घरात काही उघडू नका. ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलप्रकल्पाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीची दुरुस्ती झाली की लाइन पुन्हा भरायला वेळ लागतो. पर्वरीच्या पठारासारख्या उंच भागात आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला पाणी सगळ्यात उशिरा पोचतं. शेजारी भरपूर आणि आपल्याकडेच कमी असेल तर मीटरच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरलेली असण्याची शक्यता मोठी. दुरुस्तीनंतर किंवा पावसात गढूळ पाणी आलं की हे हमखास होतं. मीटरला सील असतं, त्यामुळे ते काम पाणीपुरवठा खात्याच्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

मेनच्या लाइनला थेट पंप जोडायचा नाही. त्याला मनाई तर आहेच, शिवाय लाइन रिकामी असताना पंप चालला तर फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि ते पितो आपणच. मेनचं पाणी वरच्या टाकीपर्यंत चढत नसेल तर खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, बांधा. तो आपोआप भरू द्या आणि अर्ध्या एचपीच्या पंपाने वर चढवा. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले तर चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. पाणी एक दिवस चुकलं तरी भागावं म्हणून संप किमान १००० लिटरचा हवा.

नळापासून मागे मागे

एकच नळ मंद असेल तर दोष त्या नळातच आहे असं समजून सुरुवात करा. तोंडाशी असलेला एरेटर कापड गुंडाळून पान्याने सोडवा. जाळी उलटी धरून टूथब्रशने घासा. तांबूस थर निघत नसेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात चमचाभर लिंबूफूल विरघळवून अर्धा तास बुडवून ठेवा. शॉवरलाही हेच. एरेटर काढल्यावरही धार तेवढीच राहिली तर खालचा अँगल कॉक (भिंतीतून बाहेर येणारा छोटा बंद-चालू कॉक) बघा. तो पूर्ण उघडा आहे ना? त्यानंतर कॉकपासून नळापर्यंतचा कनेक्शन पाइप. जाळीच्या वेष्टणातल्या या पाइपचं आतलं भोक मुळातच बारीक असतं आणि नट जास्त आवळला की आतला वायसर दबून ते आणखी बुजतं. पाइप दोन्ही बाजूंनी सोडवून त्यातून उजेड बघा. वायसर फुगलेला दिसला तर पाइपच बदला.

फक्त गरम पाणी मंद असेल तर गीझरकडे जा. आधी वीज बोर्डातला गीझरचा एमसीबी पाडा, मग अँगल कॉक बंद करा, मग इनलेटचा सेफ्टी वॉल्व्ह सोडवून त्यातला गाळ काढा. या वॉल्व्हमध्ये स्प्रिंगचा नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा पडदा) असतो. तो ढकलून उघडण्यातच थोडं प्रेशर खर्ची पडतं. मेनवर ते जाणवत नाही, पण ०.१ किलोच्या टाकीवर गरम पाण्याची करंगळीएवढीच धार येण्याचं कारण अनेकदा तेच असतं. काही प्लंबर यावर वॉल्व्ह काढून टाका म्हणतात. तसं अजिबात करू नका. तुमच्या गीझरला या वॉल्व्हऐवजी टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर जाणारा उघडा व्हेंट पाइप चालतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात बघा.

सगळं घर मंद असेल तर मुख्य वॉल्व्ह तपासा. जुन्या गेट वॉल्व्हचं चाक गरगर फिरतं, पण उघडा की बंद करा, नळाच्या धारेत काहीच फरक पडत नाही. आतली पट्टी दांड्यापासून सुटून अर्ध्यात अडकलेली असते. वर्षभर बंद राहून चवथीलाच उघडणाऱ्या घरांत हे फार दिसतं. असा वॉल्व्ह दुरुस्त करत बसू नका, त्या जागी फुल बोअरचा बॉल वॉल्व्ह टाका. न्हाणीघराच्या भिंतीतले जुन्या पद्धतीचे स्पिंडलवाले कन्सील्ड स्टॉपकॉकही तसेच लबाड. पूर्ण उघडा असला तरी अर्ध्या इंची स्टॉपकॉक सुमारे ५ मीटर सरळ पाइपएवढं पाणी अडवतो. एक एल्बो अडवतो अर्ध्या मीटरएवढं.

अडलंय कुठे, ते दाखवणारी पारदर्शक नळी

टाकीच्या लाइनवर साधा प्रेशर गेज निरुपयोगी, कारण ७ किलोच्या गेजचा काटा ०.१ किलोला हलतही नाही. त्याऐवजी साडेतीन-चार मीटर पारदर्शक नळी घ्या. ती वॉशिंग मशीनच्या नळाच्या नॉझलला क्लिपने आवळा आणि दुसरं टोक बांबूला बांधून टाकीच्या पातळीच्या वर धरा. नळ उघडला की नळीतलं पाणी टाकीच्या पातळीपर्यंत चढून थांबतं. पाइप अर्धा बुजलेला असला तरी ते तिथेच थांबणार, कारण पाणी वाहत नसताना प्रेशर कमी होत नाही. नेमकं इथेच लोक फसतात.

आता त्याच लाइनवरचा दुसरा नळ पूर्ण उघडा. नळीतली पातळी एक तृतीयांशापेक्षा कमी उतरली तर पाइप ठीक, दोष नळात किंवा उंचीत. ती धपकन नळाच्या तोंडापर्यंत खाली आली तर दोन्ही नळांच्या मागच्या सामायिक पाइपमध्येच सगळा जोर संपतो आहे. नळी टाकीच्या जवळच्या नळावर हलवत हलवत पुन्हा बघा. ज्या नळावर पातळी टिकते आणि ज्यावर ती कोसळते, त्या दोघांच्या मध्ये बुजलेला तुकडा सापडतो.

नळातून फुत्कारत, तुटक पाणी येत असेल, तेही टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर, तर ती हवा अडकल्याची खूण. दरवाजाच्या वरून चढून उतरणाऱ्या पाइपमध्ये हवा कमानीत बसते. सगळ्यात खालचा नळ पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा ठेवा. वारंवार होत असेल तर टाकीच्या वॉल्व्हच्या लगेच पुढे टी टाकून अर्ध्या इंचाचा व्हेंट पाइप टाकीच्या झाकणाच्या वर न्या आणि त्याचं तोंड खाली वळवून त्याला बारीक जाळी लावा.

पाइप बदलताना

जुना जीआय पाइप आमच्या पाण्यात आतून गंजून फुगतो. भोक निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही, ते जवळजवळ एक षष्ठांशावर येतं. त्यात ॲसिड सोडून साफ करण्याच्या भानगडीत पडू नका. गंजाबरोबर आट्यांमधलं उरलंसुरलं जस्तही जातं आणि सांधे गळू लागतात.

जीआयच्या जागी सीपीव्हीसी (गरम पाणीही सोसणारा प्लास्टिकचा पाइप) घालताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘अर्ध्याला अर्धा’. अर्ध्या इंची जीआयचं आतलं भोक साधारण १६ मिमी असतं, अर्ध्या इंची सीपीव्हीसीचं जेमतेम १२.४ मिमी. नवा पाइप घालून धार कमी झाली अशी तक्रार येते ती यामुळे. एक माप वरचं घ्या. टाकीवरच्या लाइनसाठी हा हिशेब चांगला जमतो: टाकीतून सव्वा इंच, भिंतीवरून फिरणारी मुख्य लाइन एक इंच, प्रत्येक न्हाणीघराला पाऊण इंच आणि अर्धा इंच फक्त नळापाशी शेवटच्या मीटरभर. टाकीच्या तोंडाशीच रिड्यूसर लावून अर्ध्या इंचावर आणलेली लाइन दिसली तर बाकी काही तपासण्याआधी तीच बदला. आउटलेट टाकीच्या तळापासून ५ ते ७ सेंटिमीटर वर असू द्या, म्हणजे गाळ पाइपमध्ये न जाता खाली राहील.

पाइप काटकोनात कापा, आतली कड घासून काढा, सोल्युशन पाइपला आणि फिटिंगला दोन्हीकडे लावा, पाव वळसा देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर फिटिंग मागे सरकतं. २४ तास पाणी सोडू नका. नळाच्या ठिकाणी पितळी आट्यांचं फिटिंग घ्या, त्यावर आट्यांच्या दिशेने टेफलॉन टेप. उन्हात राहणाऱ्या पाइपला पाण्यातला पांढरा ॲक्रिलिक रंग द्या, ऑइल पेंट नको. चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या जुन्या भिंती खोदू नका. पाइप बाहेरून क्लॅम्पवर न्या. दिसायला जरा वाईट, पण उद्या गळती शोधायला भिंत फोडावी लागत नाही.

टाकी उचलायची का?

टाकी १ मीटर उचलली तर प्रेशर फक्त ०.१ किलोने वाढतं. ज्या शॉवरला १ मीटरच उंची आहे तिथे मात्र ते दुप्पट होतं आणि पाणी साधारण ४० टक्के जास्त येतं. पण १००० लिटर म्हणजे एक टन. स्टँडचे चार पाय स्लॅबच्या मधोमध ठेवून चालत नाहीत, ते बीम किंवा भिंतीवर यायला हवेत, खाली जाड प्लेट हवी. किनारपट्टीवर साधं लोखंड खाऱ्या वाऱ्याने लवकर खातं, म्हणून हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड अँगल घ्या. शंका असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टाकी वर चढवू नका.

आणि आता पंप

वरचं सगळं झाल्यावरही शॉवर हवा तसा नसेल, तर दोन न्हाणीघरांच्या घराला अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप पुरतो. पंप टाकीच्या पातळीच्या खाली, सावलीत, दोन्ही बाजूंना युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा सांधा) लावून बसवा. सक्शन, म्हणजे टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप, एक इंचापेक्षा बारीक नको. २४ लिटरची प्रेशर टाकी असेल तर स्विच १.२ किलोला चालू आणि २ किलोला बंद असा लावा. प्रेशर टाकीतल्या हवेचं प्रेशर स्विच चालू होण्याच्या आकड्यापेक्षा ०.२ किलो कमी ठेवा. भिंतीत जुना जीआय असेल तर यापेक्षा वर जाऊ नका.

फ्लो स्विचचे छोटे पंप स्वस्त असतात, पण ते चालू व्हायला आधी मिनिटाला लिटर-दीड लिटर पाणी वाहावं लागतं. टाकीच्या पातळीच्या जवळ असलेल्या शॉवरमधून तेवढंही वाहत नाही, मग पंप सुरूच होत नाही आणि दोष पंपावर येतो. अशा घरात प्रेशर स्विचवालाच घ्या.

फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यालाच प्रेशर कमी असतं, कारण टाकी अगदी डोक्यावर. तिथे सामायिक डाउनटेकवर (गच्चीवरच्या टाकीतून सगळ्या मजल्यांना खाली उतरणाऱ्या पाइपवर) स्वतःचा पंप लावला तर खालच्या शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं. सोसायटीची परवानगी काढून वरच्या मजल्यासाठी टाकीतून सव्वा इंची स्वतंत्र लाइन टाका. पंप लावायचाच झाला तर त्याच लाइनवर.

जूनच्या पहिल्या पावसात वीज जाणार हे धरून चाला. पंपाला समांतर बायपास टाकून त्यात नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवा. बाण टाकीकडून नळाकडे हवा. पंप चालू असताना तो मिटतो, वीज गेली की उघडतो आणि टाकीचं पाणी आपल्या उतारावर नळाला येतं. पंपाच्या सर्किटला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) लागतोच, तो वगळून वायरिंग करू देऊ नका.