खिडकीच्या ग्रिलमधली भाजी: मातीत काय लावायचं, पाण्यात काय

आधी एक दिवस काहीच विकत घेऊ नका. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला बाल्कनीत डोकावून ऊन कुठं पडतंय ते बघा आणि फरशीवर खडूने खूण करा. मी हे केलं नव्हतं. डोंबिवलीत तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी, समोर दुसरी बिल्डिंग, आणि मी हौसेने टोमॅटोची सहा रोपं आणली, ती नुसती उंच उंच होत गेली, फुलं आली तीही गळाली, कारण ऊन मिळत होतं जेमतेम ३ तास. टोमॅटो, मिरची, वांगं यांना ६ तास तरी थेट ऊन लागतं, मग मुळं मातीत असोत नाहीतर पाण्यात. हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात झाड वाढवणं, ते केलं की उन्हाशिवाय भागतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण पाण्यातून खत मिळतं, ऊन नाही मिळत. ३-४ तासच ऊन असेल तर पालक, पुदिना, अळू यांच्यावर या, वडीचं अळू तर बादलीत, ओल्या मातीत, अर्ध्या सावलीत छान येतं.

आता माती की पाणी. माझं मत सरळ आहे, पहिलं वर्ष मातीत काढा आणि सोबत पाण्याचा एकच डबा ठेवा. माती आपल्या चुका पोटात घालते, एखाद दिवस पाणी द्यायचं राहिलं, खत थोडं जास्त पडलं, तरी झाड तग धरतं. पाण्यात चूक झाली की ती थेट मुळांना लागते आणि दोन दिवसांत पानं मान टाकतात. पण लेट्यूस आणि बेसिल पाण्यात जसं येतं तसं मला कुंडीत कधीच जमलं नाही, तेही खरं.

आणि मातीशिवाय भाजी आपल्याला काही नवीन नाही हो. मुंबईच्या बाजारात बोटभर उंचीची, पांढऱ्या मुळांसकट जुडी मिळते ना, समुद्रमेथी, ती वाळूतच वाढवतात. सुरुवात तिच्यापासूनच करा. पसरट ट्रेला खाली भोकं पाडा, धुतलेली वाळू दोन बोटं भरा, रात्रभर भिजवलेली मेथी दाटीने पसरा, वर पातळ थर वाळूचा, रोज पाणी शिंपडायचं, १०-१२ दिवसांत कापायला येते. खत लागत नाही, दाण्यातल्या अन्नावरच तेवढी वाढते.

मातीसाठी लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत सारखं सारखं घ्या आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून ते तपकिरी पाणी दोनदा पिळून काढा, त्यात क्षार असतात. नुसती लाल माती भरली तर ती विटेसारखी घट्ट बसते आणि वजन किती, १२ इंची कुंडी ओली झाली की २० किलोच्या वर जाते, अशा पाच-सहा ग्रिलवर ठेवायच्या आधी ग्रिल भिंतीत किती पक्कं आहे ते तपासा, खालून माणसं जातात. पाणी घड्याळ बघून देऊ नका, बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. कढीपत्ता, मिरची, कोथिंबीर मातीतच लावा. धने लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायच्या, मग पेरायच्या, अख्खे धने उगवायला रडवतात.

पाण्यासाठी मोटर, पाईप वगैरे आत्ता नको, लाईट गेली की पाईपातली मुळं काही तासांत सुकतात. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत करा, तिला वीजच लागत नाही. मासेवाल्यांकडे थर्माकोलचा खोका मिळतो तो घ्या, स्वच्छ धुवा, आत जाड काळं प्लास्टिक अंथरा, झाकणाला जाळीची कुंडी घट्ट बसेल एवढी भोकं पाडा. एका लेट्यूसला साधारण ४ लिटर पाणी धरा. पाणी जाळीच्या तळाला जेमतेम टेकेल एवढंच, पुढं झाड पाणी पिईल तशी पातळी खाली जाते आणि वरची मुळं हवेत राहून श्वास घेतात, म्हणून खोका परत काठोकाठ भरायचा नाही, इथंच बहुतेक जण चुकतात.

हायड्रोपोनिक्सच्या खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या येतात. पाण्यात आधी ए टाकून ढवळा, मगच बी. दोन्ही तशाच एकत्र ओतल्या तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. पालेभाजीला ईसी (पाण्यात खत किती विरघळलंय त्याचं माप, mS/cm मध्ये) १ ते १.५ आणि पीएच (पाणी किती आंबट ते) ५.५ ते ६.५ ठेवा, मीटर दोन्हीचे घ्याच. नळाचं पाणी चालतं, बोअर किंवा टँकरचं असेल तर आधी टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजा, आरओचं फेकायचं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

पुदिन्यासाठी बीसुद्धा नको. बाजारच्या जुडीतली जाड काडी पेराच्या खाली तिरकी कापा, खालची पानं काढून ग्लासात ठेवा, आठवड्याभरात पेरातून दोऱ्यासारखी पांढरी मुळं फुटतात, मग जाळीत बसवा.

दोन गोष्टींकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. एक डास, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून झाकणातली प्रत्येक फट स्पंजने बंद करा, कुंडीखालच्या ताटल्याही रोज ओता. दुसरं ऊन. एका मे महिन्यात माझा खोका दुपारभर उन्हात राहिला, झाकण उचललं तर गटारासारखा वास, मुळं तपकिरी, हातात घेतली तर साल निसटून आली. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि मुळं कुजतात. तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये मी खोका बंदच ठेवते आणि कुंड्यांत चवळी लावते.

खोका रिकामा करताना उरलेलं खताचं पाणी मोरीत ओतू नका, त्यात तेवढंच साधं पाणी मिसळून कढीपत्त्याला घाला.