मातीच्या जुन्या धरणावर या चुका टाळा

आमठाणे, पंचवाडी, चापोली ही गोव्यातली धरणे मातीची; साळावलीचे काही दगडी बांधकाम सोडले तर तेही मातीचेच. अशा धरणातून थोडे पाणी पाझरणारच. ते पायथ्याशी स्वच्छ बाहेर पडावे म्हणून आत वाळू-खडीची गाळणी घातलेली असते. त्यामुळे पाझर दिसताच घाबरू नका, पण त्याचा रंग बघायला विसरू नका. पाणी गढूळ झाले की धरणाच्या पोटातली माती वाहून चालली आहे असे समजा.

सगळ्यात घातक चूक इथेच होते. खालच्या उतारावर झरा फुटला की लोक धावपळीत त्यावर चिकणमाती थापतात, नाहीतर सिमेंट ओततात. तोंड बंद झाले की पाण्याचा दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून जास्त जोराने फुटते. झऱ्यावर आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी टाकावी. पाणी वाहू द्यायचे, माती अडवायची. हा तात्पुरता उपाय आहे. जलस्रोत खात्याचा अभियंता त्याच दिवशी जागेवर यायला हवा.

पाझर रोज बादली आणि घड्याळ घेऊन मोजा, शेजारी जलाशयाची पातळी लिहा. पातळी तीच असून पाझर वाढला, तर थांबू नका. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. खेकड्यांनी धरण पोखरले अशी चर्चा पुढे खूप झाली, पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेवर, वाळूच्या गोण्या रचू नका; वाट अडली की पाणी माथ्यावर चढते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते धरण तासाभरातही खचू शकते. उतारावरची मोठी झाडे नुसती कापून टाकणेही चूक. मुळे कुजून पाण्याला वाट मिळते. मुळे काढून खड्ड्यात थराथराने माती घालून ती घट्ट ठोकायला हवी, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. जलाशय घाईने रिकामा केला तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

माथ्यावरच्या भेगा मे महिन्यात बघा, पावसात गवत त्यांना झाकते. आडवी, म्हणजे जलाशयाकडून पायथ्याकडे जाणारी भेग जास्त धोक्याची.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. कायद्यातल्या मोठ्या धरणाच्या व्याख्येत न बसणाऱ्या लहान धरणांवर गावाचीच नजर हवी. फोटो, वेळ आणि पाण्याची पातळी जोडून पंचायतीत लेखी तक्रार द्या, पोचपावती घ्या.