कायदा आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र शिकताना

या जोडपदवीला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात वेबसिरीजमधला तपास असतो. रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, खुन्याचं मन वाचणारा हुशार अधिकारी. त्यातले डाग आणि ठसे फॉरेन्सिक सायन्सकडे जातात, आणि त्यासाठी रसायनशास्त्र-जीवशास्त्र लागतं. क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास, समाजशास्त्राच्या घरातली. गुन्हे कोणत्या वयात जास्त घडतात, कोणत्या वस्तीत, एखादं कृत्य गुन्हा आहे हे ठरवतं कोण, तुरुंगातून सुटलेल्यांपैकी कितीजण परत आत येतात, अशा प्रश्नांवर ती चालते. माझ्या वर्गातले काहीजण पहिल्याच सहामाहीत हिरमुसले ते यामुळे. आले होते खुन्याची मानसिकता शिकायला, हातात पडले आलेख. आपल्याला नेमकं कशाचं आकर्षण आहे हे फॉर्म भरण्याआधी स्वतःला विचारा.

दोन्ही विषय एकाच घटनेकडे किती वेगळं बघतात, हे इंग्लंडमधल्या १८८४ च्या डडली आणि स्टीफन्स खटल्यावरून चटकन कळतं. मिग्नोनेट नावाची नौका बुडाली, चौघे एका छोट्या होडीत अडकले, अन्नपाणी संपलं. शेवटी दोघांनी मिळून आजारी पडलेल्या १७ वर्षांच्या पोऱ्याला मारलं आणि त्याच्या मांसावर बाकीचे तगले. कायद्याच्या तासाला प्रश्न एकच: आपद्धर्म म्हणून केलेला खून माफ होतो का? न्यायालय म्हणालं, नाही. फाशी सुनावली गेली आणि नंतर ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली. क्रिमिनॉलॉजीचा तास इथून सुरू होतो. समुद्रावर असे प्रकार आधीही घडले होते, खलाशांमध्ये ते रूढीसारखे धरले जात. मग खटला याच वेळी का भरला? लोकांची सहानुभूती आरोपींकडे असताना त्यांना दोषी ठरवणं राज्यसंस्थेला इतकं गरजेचं का वाटलं? सहा महिन्यांत सोडायचंच होतं, तर फाशीचा उच्चार कुणाला ऐकवण्यासाठी होता? हा खटला दोन्ही पेपरांत येऊ शकतो. उत्तरांची सरमिसळ झाली की दोन्हीकडे गुण जातात.

सगळ्यात जास्त दमछाक लिहिताना होते. कायद्याच्या पेपरात काल्पनिक प्रसंग देतात: अ ने ब ला ढकललं, ब जिन्यावरून पडला, रुग्णवाहिका उशिरा आली, ब दगावला. कायद्याचा मुद्दा कोणता, त्यावरचा नियम कोणता, तो या तथ्यांना कसा लागू होतो आणि निष्कर्ष काय, एवढंच लिहायचं आणि याच क्रमाने. अ चं बालपण कसं गेलं याच्याशी परीक्षकाला देणंघेणं नसतं. शिक्षेचा प्रश्न असेल तरच ते कामाला येतं. क्रिमिनॉलॉजीच्या निबंधात ठाम निष्कर्ष काढलात तर समासात लाल शेरा येतो. तिथे प्रत्येक सिद्धान्ताची हद्द दाखवावी लागते. उदाहरणार्थ लेबलिंगचा सिद्धान्त. एकदा पकडलेल्या मुलावर बसलेला शिक्का त्याला पुढच्या गुन्ह्यांकडे ढकलतो हे त्यातून समजतं, पण पहिला गुन्हा त्याने का केला हे समजत नाही. अशी फट शोधून दाखवणाऱ्याला तिथे गुण मिळतात. मी शेवटपर्यंत एका संध्याकाळी एकाच विषयाचं लिखाण हाती घेत असे. बाकी वेळापत्रकं सगळी कोलमडली, हा एक नियम टिकला.

आता गणित. आकडेवारीचा पेपर म्हटलं की कायद्याच्या ओढीने आलेल्यांच्या पोटात गोळा येतो. ऐच्छिक असेल तर तो टाळतातही. टाळू नका. का, ते ब्रिटनमधल्या सॅली क्लार्कच्या खटल्यात दिसतं. तिची दोन तान्ही बाळं एकामागोमाग दगावली आणि १९९९ मध्ये ती त्यांच्या खुनासाठी दोषी ठरली. एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं होतं की अशा कुटुंबात दोन बाळांचा नैसर्गिक आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आकडा आला कुठून? एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि तिला तिनेच गुणलं. म्हणजे दोन्ही मृत्यूंचा एकमेकांशी काही संबंध नाही असं मानलं, आणि तेही सख्ख्या भावंडांच्या बाबतीत, ज्यांची जनुकं आणि घर एकच! दुसरी गफलत पटकन दिसत नाही. दोन बाळं नैसर्गिकरीत्या जाणं दुर्मिळ आहे, पण आईने दोन बाळांचा खून करणंही अतिशय दुर्मिळच आहे. तुलना या दोन दुर्मिळ गोष्टींमध्ये व्हायला हवी होती. आकडा मात्र एकाच बाजूचा ऐकवला गेला. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. मुख्य कारण होतं बचाव पक्षापर्यंत न पोचलेले सूक्ष्मजीव तपासणीचे निष्कर्ष, पण या आकड्यावरही अपील न्यायालयाने टीका केली. कोर्टात पुढे डीएनए जुळण्याची शक्यता, पुन्हा गुन्हा करण्याचा धोका असले आकडे तुमच्यासमोर येतीलच. त्यांना प्रश्न विचारता येणारा वकील दुर्मिळ असतो, आणि ही पदवी तुम्हाला तसं व्हायची संधी देते.

आणखी एक आकडा सगळ्यांनाच भुरळ घालतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या पोलीस नोंदी क्रिमिनॉलॉजीचे अभ्यासक मार्विन वोल्फगँग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सहा टक्के मुलांच्या नावावर निम्म्याहून जास्त गुन्हे निघाले. वाचल्यावर पहिला विचार येतो तो हा की या सहा टक्क्यांना आधीच हुडकून काढावं. पण ते मागे वळून बघताना दिसतात. समोर उभ्या असलेल्या १४ वर्षांच्या मुलाचं पुढे काय होईल हे त्या टक्केवारीतून निघत नाही. कायदा समोरच्या एकाचा निवाडा करतो, क्रिमिनॉलॉजी हजारोंचा हिशेब मांडते. हजारोंवरून एकाला दोषी धरता येत नाही, आणि एकावरून हजारोंसाठी धोरण आखता येत नाही. दोन्ही विषय सोबत शिकण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच.

कायद्याच्या बाजूनेही फसगत होते: मोजक्या प्रकरणांवरून सगळ्या कोर्टांचं चित्र डोक्यात बसतं. पुस्तकात आपण वाचतो ते निवाडे मुख्यतः वरच्या न्यायालयांचे. म्हणजे जिथे प्रश्न इतका अवघड होता की कुणीतरी अपिलात गेलं. रोजचं कोर्ट तसं नसतं. खालच्या न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा, जमेल तितके दिवस. तारखा पडतात, साक्षीदार येत नाहीत, किरकोळ चोरीची प्रकरणं मिनिटांत निघतात. होडीतल्या नरभक्षणाचा प्रश्न तिथे कुणाला पडलेला नसतो.

मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खोट्या खटल्यात, भाग घ्या, एवढंच सांगतो. त्याचे फायदे सगळेच सांगतात.

धोरणांच्या विषयात माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम केला तो केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगाने. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ पासून बिघडण्याची शक्यता वाटणाऱ्या मुलांना समुपदेशक, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असं सगळं दिलं गेलं. सारख्या मुलांच्या जोड्या लावून, मदत कुणाला द्यायची ते नाणं उडवून ठरवलं होतं. पुढे संशोधक जोन मॅककॉर्ड यांनी साधारण ३० वर्षांनंतर त्या मुलांचा माग काढला. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा बरी नव्हती, काही बाबतींत तर आणखी वाईट होती. गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांना अजूनही वाटत होतं की त्या कार्यक्रमाने आपलं भलं झालं. सद्हेतूने आखलेल्या योजनेवरही ‘तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे?’ असं विचारायची सवय मला तेव्हापासून लागली. घरच्यांना ती फारशी आवडत नाही.

थोडं व्यवहाराचं. वकिली करायची असेल तर ही विशिष्ट जोडपदवी त्या देशातली परवाना देणारी संस्था मान्य करते का, हे प्रवेशाआधी लेखी तपासा. काही विद्यापीठांत दोन पूर्ण पदव्या मिळतात, वर्षं जास्त लागतात. काही ठिकाणी एकाच पदवीत दोन्ही बसवताना कायद्याचे विषय कापले जातात, मग वकिलीसाठी वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो. नावात ‘लॉ’ आहे एवढ्यावर जाऊ नका.

डिझर्टेशनसाठी, म्हणजे पदवीच्या शेवटच्या मोठ्या शोधनिबंधासाठी, प्रत्येकाला कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतात. कैद्याला खरोखर ‘नाही’ म्हणता येतं का, हा प्रश्न असल्यामुळे संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणारी विद्यापीठाची एथिक्स कमिटी त्याबाबत फार कडक असते; त्यावर तुरुंग प्रशासनाची परवानगी वेगळी. सहामाही त्यातच सरते. प्रकाशित निवाडे, गुन्हेविषयक पाहण्यांचा खुला डेटा, शिक्षा देताना न्यायाधीशांनी नोंदवलेली कारणं यांवरही उत्तम काम होतं. आणि लैंगिक अत्याचार किंवा बालकांवरच्या हिंसेचे निवाडे आठवडाभर वाचायचे असतील तर ते रात्री झोपण्याआधी वाचू नका. त्रास होऊ लागला तर मार्गदर्शकांना सांगा. त्यांना हे नवीन नसतं.

नोकऱ्या फौजदारी वकिलीपुरत्या नाहीत. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांचं काम), पीडितांना मदत करणाऱ्या संस्था, कायदा सुधारणेचं संशोधन, पोलीस दलातलं गुन्हे विश्लेषण, बँकांमधलं मनी लाँडरिंगविरोधी काम. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९३९ मध्ये पांढरपेशा गुन्हेगारीकडे, म्हणजे प्रतिष्ठित लोक आपल्या कामधंद्यात करतात त्या गुन्ह्यांकडे, लक्ष वेधलं, आणि आज त्याच क्षेत्रात दोन्ही विषय येणाऱ्यांना चांगली मागणी आहे. यातलं काही डोक्यात असेल तर डिझर्टेशनचा विषय त्याच्या जवळचा घ्या. माझ्या मुलाखतीत गुणपत्रिकेवर ओझरती नजर टाकली गेली, बाकी सगळा वेळ प्रश्न त्या डिझर्टेशनवरच होते.