लांब केसांचा गिनीपिग आणि नाजूक कातडी: या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्यात

आमची झिप्री पेरुव्हियन जातीची, म्हणजे डोळ्यांवर केस, बुडावर केस, पुढची बाजू कुठली न मागची कुठली ते गाजर दाखवल्यावरच कळतं. घेताना वाटलेलं, त्यात काय, रविवारी एकदा विंचरलं की झालं. महिन्याभरात पोटाखाली गुंता, पाठीवर कोंडा, मानेजवळ लाल चट्टे, आणि आम्ही येईल त्याला सांगत सुटलो की हिची स्किन फार सेन्सिटिव्ह आहे हो. होती थोडी, नाही असं नाही, पण निम्मा प्रताप आमचाच होता.

सगळ्यात आधी आंघोळ. कोंडा दिसला की आपला हात थेट शाम्पूकडे जातो, आणि घरात बेबी शाम्पू असला की वाटतं बाळाला चालतो तर हिला का नाही. आम्ही दर रविवारी चोळून आंघोळ घालायचो आणि दर बुधवारी कोंडा वाढलेला असायचा, तरी पुढच्या रविवारी परत तेच. धुऊन धुऊन अंगचं तेल जातं, कातडी कोरडी पडते, मग ती खाजवते, खाजवून ओरखडे उठतात. गिनीपिगला डोक्यापासून पायापर्यंत आंघोळ क्वचितच लागते. लांब केसवाल्यांचं फक्त मागचं धुतलं तरी बहुतेकदा भागतं, कारण घाण होतं ते तेवढंच. उथळ टबात दोन बोटं कोमट पाणी, खाली जुना नॅपकिन म्हणजे पाय घसरत नाहीत, डोकं आणि कान कोरडे ठेवायचे. शाम्पू लागलाच तर व्हेटनं, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलेला, बिनवासाचा, आणि नीट निघेपर्यंत धुवायचा.

आणि वाळवणं! वरून केस सुकलेले दिसतात पण बोटं आत घाला, मुळाशी ओल असते. पावसाळ्यात आपल्याकडे टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तिथं हिचे केस काय आपोआप वाळणार. टिपून घ्या, पंख्याखाली मांडीवर घेऊन बसा. ड्रायर लावायचा तर सगळ्यात कमी गरम, लांबून, मधे आपला हात ठेवून, आणि ती घाबरून ताठ झाली तर लगेच बंद.

दुसरी चूक केस न कापण्याची, आमच्या घरात यावरून भांडण झालंय. केस कापले तर पेरुव्हियन घेतलीच कशाला असं एका पार्टीचं म्हणणं. अहो, हे केस महिन्याला साधारण इंचभर वाढतात आणि थांबत नाहीत. प्रदर्शनातल्या गिनीपिगांचे केस कागदात गुंडाळून ठेवतात, आपली फ्लॅटमधे राहते, मुतते आणि त्यावरच बसते. केस जमिनीला टेकणार नाहीत इतके कापा, बुडाकडचे अजून आखूड. पार भादरू मात्र नका, कातडी उघडी पडते. एप्रिल-मे मधे तर कापाच, सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीच्या वर यांना गरमी सोसवत नाही, आणि ही तर स्वेटर घालूनच जन्माला आलेली. लांब केसांच्या दुसऱ्या जातींत शेल्टीचं तोंड तरी मोकळं असतं, टेक्सेलचे कुरळे केस मात्र याहून जास्त गुंततात.

गुंता कापताना जो अपघात होतो तो असा: गुंता चिमटीत धरून वर ओढतो, त्याबरोबर पातळ कातडी तंबूसारखी वर येते, आणि कात्री केसांच्या जागी कातडीवर चालते. म्हणून गुंता आणि कातडी यांच्या मधे फणी सरकवा आणि फणीच्या वरून कापा, कात्री गोल टोकाची हवी. फणी जात नसेल इतका चिकट असेल तर जबरदस्ती नको, व्हेटकडे न्या. रोजचं विंचरणं टोकाकडून मुळाकडे, आणि दुसऱ्या हातानं केस मुळाशी धरून, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कुत्र्यांचा तो तारांचा ब्रश नाजूक कातडीवर खराट्यासारखा चालतो, आम्हाला दुकानात तोच गळ्यात मारलेला.

आता तेल. कोरडं दिसलं की आईनं खोबरेल तेलाची बाटली काढली, चंपी झाली, आणि दोन दिवसांनी झिप्री म्हणजे चालतीबोलती गवताची पेंढी, सगळा भुसा अंगाला. तेलाचा खरा उपयोग एकाच ठिकाणी. शेपूट असती तर जिथं असती तिथं एक ग्रंथी असते, नरांची जास्त चिकट होते, तिथं थेंबभर खोबरेल लावून पाच मिनिटांनी सौम्य धुवायचं. टी ट्री ऑइल अजिबात नको, विषारी पडतं. टाल्कम पावडरही नको, नाकात जाते.

आमच्या लाल चट्ट्यांचं कारण शेवटी निघालं तिच्या अंथरुणाच्या फ्लीसच्या मऊ कापडात. मशीनमधे वासवालं सॉफ्टनर टाकत होतो, वर एक चमचा जास्तच, हिला छान वाटावं म्हणून! ते बंद केलं, साधं बिनवासाचं डिटर्जंट, जास्तीचं एक पाणी, आणि दोन-तीन आठवड्यांत चट्टे ओसरले. पाईनचा, सीडरचा वासाचा भुसा वापरत असाल तर तोही बदलून बघा.

पण सगळंच सेन्सिटिव्ह स्किनच्या नावावर खपवू नका. कानामागे टक्कल दिसलं तर घाबरू नका, ते जन्मापासूनच असतं. नाकावर, डोळ्यांभोवती पापुद्रे आणि गोल टक्कल असेल तर गजकर्ण असू शकतो, तो आपल्यालाही लागतो, घरात लहान मुलं असतील तर हात धुणं कडक करा. त्यावर मेडिकलमधून आपल्यासाठी आणलेली ट्यूब फासू नका, बऱ्याच ट्यूबमधे स्टेरॉइड मिसळलेलं असतं आणि ही चाटते. खाजवून खाजवून रक्त काढते, पाठीला हात लावला की किंचाळते, कधी झटकेही येतात, तर बहुतेक माइट्स, म्हणजे कातडीतले बारीक किडे, ते डोळ्यांना दिसत नाहीत. उवा मात्र केस बाजूला केले की मुळाशी पळताना दिसतात. दोन्हीला औषध व्हेटच वजन करून देतो, कुत्र्याचे मानेवर टाकायचे थेंब किंवा पावडर घरच्या घरी टाकायची नाही. वयस्क मादीचे दोन्ही कुशींचे केस सारखेच विरळ होतायत आणि खाज नाही, तर अंडाशयात गाठी असतात का ते तपासून घ्या. केस कातरल्यासारखे तुटलेत तर ती स्वतः किंवा जोडीदार चावतोय, गवत वाढवून बघा.

बुडाकडचं मात्र रोज बघायचं, पावसाळ्यात दोनदा. ओले, लघवीनं पिवळे केस दिसले की माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या होतात. अळी दिसली तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक चुकूनही नाही, अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन तोंडावाटे दिलं तर यांच्या पोटातले चांगले जंतू मरून जीव जाऊ शकतो.

खाण्याचं थोडक्यात. आपल्यासारखंच यांचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही, किलोमागे रोज दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं, कमी पडलं की केस राठ आणि जखमा भरत नाहीत. ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज द्या. पाण्यात या जीवनसत्त्वाचे थेंब टाकायचे ते सोडा, त्याचा जोर लवकर उतरतो आणि चव बदलली की ती पाणीच कमी पिते.

आमचं आता असं चालतं की कोथिंबिरीची काडी पुढे धरायची, ती खाईपर्यंत एकच बाजू विंचरायची, काडी संपली की थांबायचं. दात कटकट वाजवायला लागली तर काडी उरली असली तरी फणी खाली, दुसरी बाजू उद्या.